माज नेमका कुणाला

"मॅडम, याला कन्फर्म करायचं नाय. पोराला लई माज आलाय." प्रॉडक्शन मॅनेजर जाधव साहेबांनी फॉर्म माझ्या टेबलावर आपटला.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआर बघते. नवा माणूस आधी प्रोबेशनवर, म्हणजे परीक्षेवर असतो. मॅनेजरने बरं लिहिलं तर कन्फर्म, नाहीतर घरी. सोयगावच्या गणेशबद्दल कारणाच्या रकान्यात साहेबांनी एकच शब्द लिहिला होता: माज.

या शब्दाची मला चीडच आहे. अभिमान चांगल्या कामाचा असतो. कुणाला गर्व झाला तर लोक हसून सोडून देतात. माज म्हटलं की मात्र तो उतरवायचा, हे ठरलेलंच असतं. शिवाय त्या माणसानं केलं काय, हे सांगावंच लागत नाही.

"काम बिघडवलं का?" मी विचारलं.

"नाय. काम चोख आहे."

"उलट बोलला?"

"बोलतोय कुठं तो?"

"मग?"

साहेब जरा घुटमळले. "याच्या बहिणीचं लग्न होतं. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. पुंडलिकनगरात माझं घर, याची खोली मागच्याच गल्लीत. घरी येऊन अक्षत द्यायला काय पाय दुखत होते?"

मला हसू आलं, पण पोराची नोकरी जात होती. गणेशला तिथंच बोलावून घेतलं आणि पत्रिकेचं विचारलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "आलतो सर, गेटपर्यंत. एवढ्या मोठ्या घरात कसं शिरावं म्हणून माघारी गेलो. लग्नात आई तुमची वाट बघत व्हती. पाहुणे म्हणले, साहेबाला माज आसंल. मी म्हणलं, तसं नाय."

साहेबांनी फॉर्म ओढून तो शब्द खोडला.

"मानानं बोलावलं नाय म्हणून मी रुसून बसलो," ते म्हणाले. "मलाच माज आला होता म्हणा."

इतक्या वर्षांत हा शब्द स्वतःला लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मला फार बरं वाटलं. गणेश कन्फर्म झाला.

हल्ली कुणी फॉर्मवर 'माज' लिहिलं, की मी तो परत पाठवते, काय घडलं तेवढं लिहा म्हणून. फॉर्म परत येतो तेव्हा बहुतेक वेळा रकाना रिकामा असतो आणि खाली कन्फर्म करायची सही.