आक्कानं कळवलेला नकार

शहापूरच्या गल्लीत पॉवरलूमवर साड्या विणणारी सत्यवती नवरा गेल्यापासून थोरल्या बहिणीकडं, मनुबाई आक्काकडं राहत होती. एक दिवस उजव्या स्तनात लिंबाएवढी गाठ हाताला लागली, काखेतही एक. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं, "आधी केमोनं गाठ लहान करू, मग ऑपरेशन. दोन्ही मिळून एकच उपचार. मध्येच सोडायचा नाही."

दर तीन आठवड्यांनी केमोला आक्का सोबत जाई. उलटी आली की पातेलं धरी. केस गळू लागले तेव्हा तिनंच सत्यवतीचं डोकं भादरलं. शेवटच्या डोसनंतर गाठ हाताला लागेनाशी झाली. सत्यवतीकडं फोन नव्हता. दवाखान्यात नंबर आक्काचाच दिलेला.

"फोन आलता," आक्का म्हणाली. "गाठ विरघळलीया, आता ऑपरेशन नको म्हणाल्या बाई."

सत्यवतीनं देवापुढं साखर ठेवली आणि पुन्हा लूमवर जाऊ लागली. आक्काच्या मुलाच्या, नागराजच्या लग्नात डोक्यावर पदर घेऊन राबली.

केमो संपल्यावर तिसऱ्या महिन्यात आंघोळ करताना बोटांना टणक लागलं. ती एकटीच दवाखान्यात गेली. फाईल बघून नर्स चिडली, "तीनदा फोन केला आम्ही! तुम्हीच ऑपरेशन नको म्हणालात ना?"

"मी? कुणी सांगितलं?"

"तुमच्या आक्कांनी."

घरी येऊन तिनं चप्पलही न काढता विचारलं. मनुबाईचा लाटता हात थांबला.

"पोरीकडच्यांना कळलं असतं तर सोयरीक मोडली असती गं. गाठ तर गेलती. म्हटलं, लग्न झाल्यावर सांगू."

"लग्न होऊन महिना झाला, आक्का."

मनुबाई पुन्हा चपाती लाटू लागली.

ऑपरेशन झालं. अख्खा स्तन आणि काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या. वेळेवर आली असतीस तर कदाचित थोडक्यात भागलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. संमतीच्या कागदावर नातेवाइकाच्या जागी शेजारच्या लूमवरच्या गुणाबाईनं सही केली. पुढं रेडिएशनलाही तीच सोबत येई. सत्यवतीनं वडगावात खोली घेतली.

मनुबाई एकदा डबा घेऊन आली. "सत्ते, राग सोड की गं."

"राग असता तर भांडले असते. तुझं कुठलं खरं मानायचं, तेच कळंना झालंय मला."

दोन वर्षं झाली. उजवा हात पुरता वर जात नाही, पण तपासण्या चांगल्या येतात. शहापूरच्या त्या घरी मात्र सत्यवती परत गेलेली नाही.