मोटारीला भरवलेला घास

फोन असा कानाजवळ धर बघू, लांबून नुसतं ‘हं हं’ करू नकोस. आणि आधी माझी बोलणी खा. परवा तुझ्या गाडीतून वाफ निघत होती, तरी तशीच दामटत घरापर्यंत आणलीस म्हणे! माझी नात शोभत नाहीस. वाफ निघाली की गाडी थांबवायची, आणि थांबल्यावर घाई करायची नाही. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, शाळा पाहिलीय कुणी! मी ते नगरच्या वाटेवर, विळदच्या घाटात शिकले.

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हाची गोष्ट. नगरच्या छावणीतल्या पलटणीच्या जुन्या गाड्या विकायला काढल्या होत्या. तुझ्या आजोबांनी बैलांची एक जोडी विकली आणि तसली एक गाडी राहुरीच्या पलीकडं, देवळालीच्या आमच्या मळ्यावर आणली. पुढं दोघांपुरती बैठक, मागं उघडा हौदा. रोज तिचं काहीतरी दुखायचं. कधी प्लग काजळायचा, कधी पेट्रोलच्या नळीत कचरा अडकायचा. टाकीला बारीक चीर पडली तेव्हा आम्ही तिथं अंगाचा साबण घासून गळती थांबवली होती. आजोबा बोनेटमध्ये डोकं घालायचे, मी पाने हातात द्यायची. तसं करता करता मलाही कळत गेलं. गाडी अडली की आधी ऐकायचं, मग हुंगायचं, मग हात लावायचा.

सासूबाईंना मात्र विकलेल्या जोडीची हळहळ. वासरं असल्यापासून त्यांनी वाढवलेली ना. गाडीकडे त्या बघायच्यासुद्धा नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी, म्हणजे माझा धाकटा दीर, बैलाच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या, म्हणजे टोकांची टोपणं, उतरवत होते. बैलानं माशी बसली म्हणून मान झटकली असेल, पण शिंग गेलं ते थेट भावजींच्या मांडीत. सासूबाईंनी पदर फाडून बोळा केला आणि जखमेवर दाबून धरला. हात जरा सैल पडला की रक्त उसळायचं. बैलाची झूल हौद्यात अंथरली, तिच्यावर भावजींना निजवलं, सासूबाई तशाच हात दाबून बसल्या, आणि आम्ही नगरच्या दवाखान्याकडे निघालो.

राहुरी गेली, तोवर ठीक होतं. घाटाचा चढ लागला आणि बोनेटच्या फटीतून वाफ फुसफुसायला लागली. आजोबांनी गाडी कडेला घेतली, चाकामागं धोंडा लावला.

“थांबलास का रं?” सासूबाई वरून ओरडल्या.

“पाणी उकळतंय, आई.”

“मग गार वत की! डबा हाय की भरलेला!”

“तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जाईल. मग इथंच बसावं लागंल. जरा निवू दे.”

“हितं माझं पोरगं चाललंय, अन् तुझं लोखंड निवू दे?”

आजोबांनी बोनेट उघडलं. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. नळ्या पाहिल्या, कुठं गळती नव्हती. मग रेडिएटरच्या जाळीला वरून खालपर्यंत हात लावत गेले. वर हात ठरेना, खाली मात्र अगदी गार.

“मधी काहीतरी तुंबलंय,” ते म्हणाले. “काल सकाळी तर चांगली होती.”

भावजींचा चेहरा पिठासारखा झाला होता. तरी मला म्हणतात, “वहिनी, बैलानं मारलं, मोटारीनं दगा दिला. आता गाढवावर बसवून न्या मला.” मला हसू येईना आणि रडूही. वाफ तोंडावर आली तशी मी हुंगली.

“अहो, वास येतोय.”

“पेट्रोलचा?”

“न्हाई. वेलदोड्याचा. अन् गुळाचा.”

आजोबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की हिलाही काही झालं की काय. तेवढ्यात मागून आवाज आला, बारीक.

“भरवलं मी तिला. पुरणपोळी. काल बैलांसंगं वाजत-गाजत सगळे गेल्ते तवा.”

“कुठं भरवलं, आई?”

“तू रोज सकाळी पाणी पाजतो तिथंच. त्येच तोंड न्हाई का तिचं? जोडीच्या जागी आलीय. पोळ्याला उपाशी ठेवू व्हय?”

आजोबांनी भिजवलेल्या फडक्यानं झाकण उघडलं, तरी वाफेनं मनगट भाजलंच. मग गाडीखाली शिरून खालची नळी पान्यानं सैल केली. पुरणाचा चिकट लगदा धपकन बाहेर पडला. पण जाळी अजून तुंबलेलीच. तोवर लोखंडही निवलं होतं. मी ओढ्यावरून डबे आणत होते. ते खालच्या तोंडातून पाणी उलटं वर चढवत होते. गढूळ, पिवळं पाणी यायचं. सासूबाई तिकडं पाहत नव्हत्या. हाताची बोटं आखडली तरी बोळा सोडला नाही त्यांनी.

पाणी स्वच्छ आलं, नळी बसवली, वर भरलं. आजोबांचं मनगट भाजलेलं, पुढून हँडल फिरवून गाडी सुरू करणार कोण?

“तू मार,” ते म्हणाले. “अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. उलटा झटका बसला तर मोडंल.”

पदर खोचला आणि फिरवलं. नुसती खोकली. पुन्हा फिरवलं, आणि गाडी धडधडायला लागली. तसा आवाज मी जन्मात दुसरा ऐकला नाही बाई.

डॉक्टरांनी टाके घातले. म्हणाले, हात कुणी दाबून धरला होता? त्यामुळं वाचला. सासूबाईंनी मान वर केली नाही. भावजी पुढं जन्मभर जरा पाय ओढत चालले, पण चालले.

पुढच्या पोळ्याला सासूबाई ताट घेऊन गाडीपुढं उभ्या राहिल्या. कुंकू लावलं, पोळी दुरून दाखवली, आणि तो घास आजोबांच्या तोंडात घातला. “तिच्या वाटचं तू खा,” म्हणाल्या.

तो घास अजून वेगळा काढते मी. आजोबा नाहीत, भावजी नाहीत, खाणारं कुणी उरलं नाही. तेव्हा पोळ्याची वाट बघू नकोस, लवकर ये. तुझ्या गाडीच्या वाटची पोळी तुलाच खायचीय. आणि निघताना रेडिएटरमधलं पाणी बघून नीघ, गाडी गार असताना.