डोहाळजेवणाचं दुसरं ताट

मुलाचं, हर्षलचं लग्न होऊन सून घरात येऊन दोन वर्षं होत आली, तरी रामरावांना करिष्माबद्दल सांगता येईल असं फार थोडं होतं. जानेफळची आहे, चहात साखर कमी घेते, चालताना चपला वाजवत नाही. सासरा-सुनेत बोलणं तरी किती? पाणी तापलं, नळ आला, एवढंच. तेव्हा पुढची हकिकत त्यांना समजली तेवढीच आहे.

करिष्माला दिवस गेले तसं पुष्पाबाईंनी, म्हणजे रामरावांच्या बायकोनं, तिची भाकर अर्धी केली. घरात ज्वारीला तोटा नव्हता. पण पोटातलं बाळ मोठं झालं की अडतं, बारीक राहिलं की बाई सुखानं सुटते, असं त्यांच्या माहेरी मानत. त्यांची सख्खी बहीण अडूनच गेली होती. ती धास्ती त्यांच्या मनातून कधी निघालीच नाही.

चार महिने करिष्मानं तेवढ्यावर काढले. मग एका दुपारी म्हणाली, "आत्याबाई, अख्खी वाढा."

"काऊन? आम्ही नाही का अर्धीवर राह्यलो? हर्षल झाला ना धडधाकट?"

"ते झाले. माहा भाऊ नाही झाला."

ओसरीवर रामरावांचा पेपर हातातच राहिला. करिष्माचा भाऊ कुशल बुलढाण्याला डायलिसिसला जातो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामागचं आज कळत होतं.

"आईनं त्याच्या वेळेस असंच अर्धपोटी काढलं," करिष्मा सांगत होती. "ओंजळीत मावे एवढा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडनीतल्या रक्त गाळायच्या चाळण्या आईच्या पोटातच बनतात. तेव्हा बनल्या तेवढ्याच जन्मभर, मागून एक वाढत नाही. त्यामुळंच झालं असं त्या छातीठोक नाही सांगत. पण मी कशाले परीक्षा पाहू?"

"अन् अडली म्हणजे?"

"टाके घेईन. लेकराले मशीनवर नाही बसवणार."

भाकर तरीही अर्धीच राहिली. दवाखान्यात बीपी बरोबर, साखर बरोबर, वजन मात्र जागचं हलेना.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पुढ्यात लाडू, करंज्या, पुरणपोळी, पाटवड्या. नवरीसारखं नटायचं, चार घास खायचे, फोटो काढायचा आणि ताट सरकवायचं, अशी गल्लीची रीत. करिष्मानं पुरणपोळी संपवली. पाटवड्या संपवल्या. बायका खुसुखुसू हसू लागल्या.

शेजारच्या मंजुळाबाईंना राहवलं नाही. "अवं पोरी, ताट तरी ठेवशील का?"

"ताट ठेवते काकू. पण दुसरं वाढा."

"पुरे आता!" पुष्पाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "लोक म्हणतील, घरी उपाशी ठेवते."

"म्हणू द्या. रोज अर्धी भाकर भेटते, म्हणून आज खाऊन राह्यली."

हसणं एकदम थांबलं. पुष्पाबाईंचा चेहरा उतरला. रामराव आयुष्यात कधी बायकांच्या बैठकीत गेले नव्हते. लग्नात वाढायला उभं राहायचं म्हटलं तरी त्यांना घाम फुटे. आज ते ओसरीवरून उठून दारात येऊन उभे राहिले. तीन-चार पदर डोक्यावर गेले.

"वाढ तिले," ते बायकोला म्हणाले. आवाज चिरकला. त्यांनी पुन्हा म्हटलं, "अन् आजपासून अख्खी."

पुष्पाबाईंनी वाढलं. "अडली तर मले नका सांगू," एवढं मात्र बजावलं.

आणि करिष्मा थोडी अडलीच. रात्र गेली, टाके पडले. पुष्पाबाई दवाखान्याच्या पायरीवर बहिणीचं नाव घेऊन रडल्या. सकाळी मुलगी झाली, ओवी, चांगली भरलेली. चाळण्या किती ते आज कोण मोजणार? पण तिनं पहिल्यांदा ओलं केलं ते आजीचं लुगडं. पुष्पाबाईंनी ते दुपारपर्यंत बदललं नाही. येईल त्याला ओला डाग दाखवत राहिल्या.

"आता म्हणू द्या गल्लीले, उपाशी ठेवते म्हणून," खाटेवरून करिष्मा म्हणाली.

"गप, खा," म्हणत पुष्पाबाईंनी शिऱ्याची वाटी तिच्या हातात दिली.

पुढं हर्षलनं जालन्याला खोली घेतली, करिष्मा-ओवीही तिकडं गेल्या. आता करिष्माचा फोन येतो तो पुष्पाबाईंना. रामरावांचं तिच्याशी समोरासमोर शेवटचं बोलणं झालं ते ती निघाली तेव्हा, देऊळगाव राजाच्या स्टँडवर. ओवी तिच्या खांद्यावर झोपली होती.

"पिशवी पायाशी ठेव."

"हाव मामाजी. डबा वर काढला."

"पाणी?"

"घेतलं."