बर्फावरचं पेडल

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर बाकीचे वादक आधी जेवणाचा अंदाज घेत. बद्रीनाथ उकर्डे आधी बर्फ कुठे उतरलाय ते बघायचा. थंड पाण्याच्या टबापाशी जाऊन, आचाऱ्याला न विचारता, बर्फाच्या लादीवर ओलं फडकं पसरायचा आणि त्यावर आपलं गिटारचं पेडल ठेवायचा.

पेडल म्हणजे पायाने दाबायची एक डबी. गिटारचा आवाज तिच्यातून गेला की घोगरा, भरदार, जरासा चिडलेला होऊन बाहेर पडतो. ही डबी शहागंजातल्या सांडू मेकॅनिकने मोडीतल्या रेडिओचे ट्रान्झिस्टर काढून, अ‍ॅल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात बसवून दिली होती. त्या जुन्या ट्रान्झिस्टरला ऊन सोसत नाही. वैशाखात आवाज अडकत, खोकत यायचा, म्हणून हा बर्फ. इतकं नाजूक जनावर मराठवाड्यात पाळावंच कशाला, असं त्याला सगळ्यांनी विचारून झालं होतं. त्यावर तो समोरच्याकडे असा बघायचा, की त्या माणसाला आधी कान धुऊन यावंसं वाटावं.

बद्रीनाथ मूळचा करमाडचा. घरची थोडी शेती भावाकडे, आणि हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला. तिथे तो निळ्या शर्टांमधला एक निळा शर्ट होता. सुपरवायझरला त्याचं नावसुद्धा धड आठवत नसे. आप्पासाहेबांच्या ऑर्केस्ट्रात मात्र तो ‘गिटारवाले बद्रीनाथ’ होता. गाण्याच्या मध्यात गायक मागे सरतो आणि गिटार एकटी वाजते, तेवढ्या वेळापुरता तो कोणीतरी होता. त्याचा सगळा तोरा त्या तुकड्यावर उभा होता, आणि तोरा काही लहान नव्हता.

एका पेटीत शंभर आवाज देणारी डिजिटल यंत्रं ज्यांनी घेतली, ते त्याच्या लेखी रेडीमेड कपड्यांचे दुकानदार. बेस गिटारवाल्या रामकिसनला कुठलंच पेडल लागत नसे, तर तो ढोलवाला. पण सगळ्यात जास्त घृणा त्याने राखून ठेवली होती ती तात्यासाहेबासाठी. तात्यासाहेब सिंथ, म्हणजे विजेवरचा कीबोर्ड, वाजवायचा, आणि त्या सिंथवर गिटारचा आवाज काढणारं एक बटण होतं. तसल्या बटणाशेजारी आपल्याला उभं राहावं लागतं, हा बद्रीनाथला रोजचा अपमान वाटायचा. फर्दापूरच्या एका हॉटेलातल्या कार्यक्रमाआधी त्याने दया म्हणून तात्यासाहेबाची वायर आपल्या पेडलमधून नेली. तुमच्या प्लास्टिकला जरा माणसात आणतो, असं वर ऐकवलंही. सिंथ खरोखरच गरजला. तात्यासाहेब इतका खूश झाला, की बद्रीनाथने लगेच वायर उपटली. दुसऱ्यावर उपकार करायचे, पण त्याला त्यांची चटक लागू द्यायची नाही, असा त्याचा बाणा होता.

आता खरं सांगायचं तर जिलेबीवर तुटून पडलेल्या वऱ्हाडाला या पेडलचं काय सुखदुःख! शंभरातल्या पाच माणसांनाही आवाजाचा फरक कळला नसता. हात मात्र बद्रीनाथचा चांगला होता; हे कबूल केलंच पाहिजे, नाहीतर त्याची ही मिजास कुणी इतकी वर्षं सोसली नसती.

मग गावोगाव डीजे आले आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचे दिवस फिरले. एक माणूस कमी करावा लागणार, हे आप्पासाहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. लासूर स्टेशनला एका अडत्याच्या मुलीचं लग्न होतं, आणि अडत्याला गिटारचा नाद होता. “तिथं छाप पडली तर तू ऱ्हाशील, बद्री,” ते म्हणाले, “नाय पडली तर तात्यासाहेबाच्या बटणावर भागवीन मी.”

बद्रीनाथने वरवर हसून घेतलं. रात्री जेवताना मात्र त्याने बायकोला, आशाबाईला, सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, घरी ओसरीवर वाजवता तसं वाजवा, तिथं कुठं लागते ती डबी? यावर तो बराच वेळ बोलला. आशाबाईने तेवढ्यात भांडी आवरली.

लासूरचं लग्न मार्केट यार्डाच्या शेडमध्ये होतं. वर पत्रा तापलेला, खाली माणसं वाफाळलेली. कार्यक्रम जेवणावळीच्या वेळी सुरू व्हायचा होता, आणि बद्रीनाथ सकाळीच टबापाशी हजर. आज ओल्या फडक्यावर त्याचा भरवसा बसेना. इतकी वर्षं त्याने डबीला बर्फाचं पाणी कधी लागू दिलं नव्हतं. नुसता गारवा पुरायचा. पण आज त्याने डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर गाठ मारली आणि बर्फाच्या पार तळाशी खुपसून दिली. जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, असा हिशोब. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची अक्कल काढणाऱ्या माणसाचा हा हिशोब!

जेवणावळ बसेपर्यंत वाढपी त्या टबात बर्फ फोडत होते, बाटल्या ओढत होते. आप्पासाहेबांनी माइकवर गिटारवाल्याचं नाव घेतलं तेव्हा बद्रीनाथ धावत जाऊन डबी घेऊन आला. पिशवी फाटली होती. त्याने वायरी जोडल्या, डबीवर पाय दाबला. आवाज नाही. डबी उचलून तिरपी केली तर तिच्यातून पाण्याची धार बुटावर पडली. ढोलकीवाला हसू दाबायला मान फिरवून बसला.

“वायर सरळ लाव अन् वाजव,” आप्पासाहेब दातओठ खात पुटपुटले.

सोपा उपाय होता. डबीच्या दोन वायरी काढून गिटारपासून थेट स्पीकरला एक लावायची, एवढंच. आणि इथेच या गृहस्थाचं डोकं फिरलं. “त्याच्याबिगर माझी गिटार मुकी हाय,” तो म्हणाला. “मुकं वाजवत नाय मी.” असं म्हणून गिटार गळ्यात तशीच ठेवून तो खाली बसला आणि डबीचे स्क्रू खोलायला लागला. समोर वऱ्हाड, मागे ऑर्केस्ट्रातली जागा जायची टांगती तलवार, आणि हा रुमालाने ट्रान्झिस्टर पुसतोय.

गाणं सुरू झालं होतं. गायक मागे सरला, ती जागा आली, आणि गिटार वाजली.

बद्रीनाथने झटकन वर पाहिलं. तात्यासाहेबाने बटण दाबलं होतं. आवाज प्लास्टिकचाच होता. बद्रीनाथच्या तोंडाला शिवी आली. पण दुसऱ्याच क्षणी ती जिभेवर राहिली. सूर ओढायची ती पद्धत त्याची होती. मध्ये एका सुरावर हट्टाने थांबणं त्याचं होतं. शेवटी वरच्या सुराला तो जरासा उशिरा पोचायचा, आणि तात्यासाहेबही तिथे तेवढाच उशिरा पोचला. हे कुणी लिहून घेतलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. ज्याला त्याने कायम बहिरा ठरवलं, तो माणूस शेजारी बसून इतकी वर्षं त्याचा सूर न् सूर ऐकत आला होता.  भर मांडवात त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून तो पुन्हा डबीवर वाकला.

टाळ्या पडल्या. लोकांची नजर बद्रीनाथवर होती, कारण गिटार त्याच्या गळ्यात होती. अडत्या ताटावरून उठून थेट स्टेजपाशी आला, त्याचा हात धरून म्हणाला, वाह उस्ताद, हात लई गोड हाय तुमचा. आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, गप बस, काम झालं.

गप बसला असता तर बद्रीनाथ राहिला असता. पुढची कितीतरी वर्षं राहिला असता.

“म्या नाय वाजवलं,” तो म्हणाला. “यांनी वाजवलं.” आणि त्याने तात्यासाहेबाकडे बोट केलं.

हा प्रामाणिकपणा होता, की प्लास्टिकच्या आवाजाची तारीफ आपल्या नावावर लागू नये म्हणून केलेला शेवटचा माज, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. अडत्याने हात सोडला. आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या गाण्याची घोषणा केली.

परतताना टेम्पोत सामानाच्या पेट्यांवर बद्रीनाथ आणि तात्यासाहेब समोरासमोर बसले होते. तात्यासाहेबाने चाचरत विचारलं, ती वरची जागा तुम्ही थोडी उशिरा घेता, त्याचं इंगित काय? मी लई दिवस घोटली, तेव्हा कुठे जमली.

बद्रीनाथने तारा दाबायचा डावा हात पुढे केला. करंगळीचं टोक कारखान्यातल्या प्रेसखाली गेलेलं होतं. ऑर्केस्ट्रात त्याने ते आजवर कुणाला नीट दिसू दिलं नव्हतं.

“बोट पुरत नाय माझं तिथं,” तो म्हणाला. “तुमचं पुरतंय. तुम्ही टायमावर घेत जा.”