जाऊबाईंनी पेरलेला तिळाचा लाडू

कायदा पाळावा तर आमच्या थोरल्या जाऊबाईंनी. त्या इतका पाळतात की कायद्यालाच घाम फुटावा. आमच्या मानवत गावच्या दवाखान्यात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे, तर सुई घेतल्यावर कण्हायला त्या बाहेर रस्त्यावर जाऊन आल्या होत्या. आता बोला.

त्यांची लेक ऑस्ट्रेलियात असते. गेल्या संक्रांतीला तिच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण होतं, आणि रथसप्तमीच्या आत आपल्या हातचे हलव्याचे दागिने नातवाच्या अंगावर चढलेच पाहिजेत, असं बाईंनी मनावर घेतलं. लेक फोनवर म्हणाली, “आई, इथं खायच्या वस्तू क्वारंटाइनवाले तपासतात.” बाई एकदम निर्धास्त झाल्या. करोनात पुण्याहून आलेल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवून सोडून दिलेलं त्यांनी पाहिलं होतं ना. “मग चौदा दिस आधी धाडू की,” म्हणाल्या. “बसतील लाडू शाळंत. त्यांला काय डबा न्यावा लागायलाय?” लेकीनं समजावलं, की इथं सोडत नाहीत, सरळ फेकून देतात, आणि उगवणारं बी तर मुळीच चालत नाही.

झालं. त्या दिवसापासून घरातल्या दाण्यान्‌दाण्याकडे बाई संशयानं बघायला लागल्या. हलवा तिळाऐवजी साबुदाण्यावर केला. आठ दिवस मंद शेगडीपुढं बसून, बोटांना चटके खात, थेंब थेंब पाक चढवून काटे फुलवले. हार, बाजूबंद, मुकुट, इवलीशी बासरीसुद्धा. आणि तिळाचा एक लाडू चक्क कुंडीत पेरला, रोज पाणी घातलं. मी म्हटलं, “बाई, भाजलेला तीळ हाय, काय उगवणार त्याला?”

“तुला माहीत हाय, मला माहीत हाय. त्या सायबाला कोण सांगणार?”

कुंडीत मुंग्यांखेरीज काही वर आलं नाही, तेव्हा तिचा फोटो काढून खोक्यात घातला.

परभणीच्या कुरिअरवाल्यानं विचारलं, “मावशी, आत काय काय हाय?”

“दागिने, लाडू, अर्धा किलो बोरं. दोन किडकी होती ती काढली. बाकीच्यांच्या आतलं मला दिसंना, तसंच लिवा.”

“मावशी, बोरं जातच न्हाईत.”

बोरं पिशवीतून घरी आली आणि खोकं गेलं ते तिकडच्या तपासणीत अडकलं. रथसप्तमी जवळ यायला लागली तशी बाईंची भाकरी अर्ध्यावर आली. देवापुढं बसून पुटपुटायच्या, “लाडू ठेव बाबा, दागिने तेवढे सोड.” आणि आदल्याच दिवशी लेकीचा फोन आला. लाडू काढून घेतले होते, दागिने मात्र अख्खे. बाई म्हणाल्या, “खाऊ दे. तपासून तपासून त्याला बी भूक लागली असंल.”

रथसप्तमीला तिकडं मुकुट घातलेल्या बाळावर चुरमुरे आणि चॉकलेटं, इकडं व्हिडिओ कॉल लावून पाटावर उभ्या केलेल्या मोबाइलवर ताजी बोरं. गल्लीतली पोरं वेचायला तुटून पडली. नातवानं दंडावरचा बाजूबंद ओढून तोंडात घातला आणि नेमकं चित्र अडकलं. “गोड लागला का गं त्याला?” बाई विचारतायत, आणि काचेवर नुसता त्याचा हात.

अजूनही दुपारी भांडी घासताना विचारतात, “धाकटे, त्याचं तोंड कसं झालतं गं?” मला तरी कुठं दिसलं होतं? पण मी सांगते, “डोळे मिटलेले होते बाई, आणि जीभ ओठांवर फिरवत होता.”

त्या ऐकून घेतात आणि पुढचं भांडं उचलतात.