चोचीपायी अडलेली सोयरीक

स्टाफरूममध्ये किस्से साठतात ते खडूच्या तुकड्यांसारखे. टाकवत नाहीत, कामालाही येत नाहीत! आमच्या वडवणीच्या शाळेतले निम्मे किस्से एकट्या शेटे सरांचे. विज्ञानाचे मास्तर, वय लग्नाचं, बोलणं खरं. घोटाळा तिथंच झाला.

गावात नवीनच केबल आलेली. तिच्यावरचं प्राण्यापक्ष्यांचं चॅनेल बघून सर हरखून सांगू लागले, "परदेशात एक हमिंगबर्ड नावाचं पाखरू हाय. अंगापेक्षा चोच लांब! लांब नळीसारख्या फुलातला मध त्यालाच पिता येतो."

हेडमास्तर म्हणाले, "मग बसल्यावर तोंडावर पडत न्हाई का?"

"चोच वर करून बसतो, सर."

"आन् तुमी कायबी सांगत बसता!"

*

पुरावा दाखवायला सरांनी आम्हा सगळ्यांना केबलवाल्याकडं नेलं. त्यानं त्याच चॅनेलवर स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नाची कॅसेट लावलेली. "पाखरं कोण बघतंय, सर? हिला लई डिमांड हाय!"

आम्ही सप्तपदीपर्यंत थांबलो, चहा घेतला आणि परत आलो.

*

मग सरांनी तो पक्षी फळ्यावर काढला. नेमके तपासणीला साहेब आले. बराच वेळ बघून म्हणाले, "इंजेक्शन छान काढलंय. पण त्याला पंख कावून?"

*

पाटोद्याच्या एका कापड दुकानदारानं सरांना मुलगी द्यायचं मनावर घेतलं. रीतीप्रमाणे चौकशीला शाळेत आले. हेडमास्तरांनी अगदी मनापासून शिफारस केली, "पोरगा सोनं हाय! एक पक्षी सोडला तर कधी खोटं बोलत न्हाई."

पाहुणे अर्धा चहा टाकून उठले. सरांनी मुलीचा फोटो बघितलेला, मनात भरलेली. दोन दिवस त्यांनी डबा उघडला नाही. मला लई वाईट वाटलं. हेडमास्तर मात्र "मी तर चांगलंच बोललो की!" म्हणत फिरत होते.

*

तरी बघायचा कार्यक्रम झाला. मुलीनंच हट्ट धरला म्हणे. पाटोद्याला त्यांच्या घरी गेलो, सोबतीला मी आणि हेडमास्तर. पोहे आले, मुलगी आली. मुलीच्या बापानं ना पगार विचारला, ना शेती. थेट म्हणाले, "मास्तर, एवढी लांब चोच, तर पिल्लाला भरवतो कसा?"

हेडमास्तरांनी सरांना हळूच चिमटा काढला. म्हणजे, कायबी ठोका! सरांनी एकदा मुलीकडं बघितलं, मान खाली घातली.

"ते मला माहीत न्हाई."

गेलं स्थळ! मी चपला कुठं काढल्या ते आठवायला लागलो.

मुलीच्या बापानं आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "अगं, पेढे आण! मास्तर असून माहीत न्हाई म्हणला!"