एक वारही कापड न घेणारं गिऱ्हाईक

दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान. शेजारच्या तालमीचा वस्ताद रस्त्यात भेटला की आधी माझ्या चालीकडे बघायचा, मग तोंडाकडे. माझी कंबर तेव्हा धरलेली ती सुटेना. वैद्य म्हणाले, पडून राहा. वस्ताद म्हणाला, "अण्णा, निजून कंबर सुटत नाही. तालमीत या, वजनं उचला."

"या वयात लंगोट लावून पेठेला हसवू होय?" मी म्हटलं. इकडे थोरला मुलगा दुकानातल्या माझ्या गादीवर बसायला टपलेलाच होता.

दुसऱ्या दिवसापासून वस्ताद दुकानात. "तो खालचा मलमलीचा तागा दाखवा." थोरला उठला की म्हणायचा, "तू बस रे. माल अण्णांच्याच हातचा बघणार." मी कण्हत वाकायचो. "गुडघ्यात वाका, तागा पोटाशी धरा, नाहीतर खाली लागून मळेल की!" एवढं करून घ्यायचा काही नाही. पुढे मलमलीची खादी झाली, खादीचं मांजरपाट, दर खेपेला तागा आधीपेक्षा जड. असलं चिकट गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

एके दिवशी त्यानं नवलगुंदचा जड जमखाना मागितला. मी रागाच्या भरात तो खांद्यावर घेतला आणि सरळ उभा राहिलो. थोरल्याचं तोंड उघडंच. वस्तादानं जमखाना पाहिलाच नाही, माझी कंबर पाहिली.

"ब्याड अण्णा," तो कानडीत म्हणाला, "नको. रंग बरा नाही."

मग तो परत आला नाही. गादी माझीच राहिली. वैद्यांच्या लेपानं गुण आला, असं मी पेठेत सांगतो. जमखाना मात्र रोज सकाळी एकदा उचलून ठेवतो. गिऱ्हाईक कधी येईल, सांगता येत नाही.